पाण्याचा सरंजाम

वलवणच्या रहिवाशाला पाण्याचे अप्रूप वाटावे असे वास्तविक काही कारण नाही. मृगाचे ढग एकदा खंडाळ्याच्या घाटमाथ्याला येऊन भिडले, की पुढले चार महिने इथल्या आकाशाला दुसरे काम उरत नाही. वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरच्या आगेमागे पाऊस या टापूत कोसळतो, कौलांवर शेवाळ चढते, कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागतो, आणि गावाच्या कुशीला टाटांच्या धरणाचा जलाशय काठोकाठ भरून राहतो. अशा गावात राहणाऱ्या माणसाने घरात काचेची टाकी मांडून तीत सव्वाशे लिटर पाणी भरावे, त्या पाण्यात थोडे मासे पाळावेत आणि त्यांच्यासाठी पंप, फिल्टर, हीटर, दिवे, नळ्या आणि जाळ्या यांचा सरंजाम उभा करावा, हे पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटले तर नवल नाही. ज्याच्या गावाशेजारून इंद्रायणी वाहते त्याने नदी घरात का आणावी, असे मला पाहुण्यांनी विचारलेले आहे; आणि तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, असे माझे मत आहे.

त्याचे उत्तर शोधता शोधता जी गोष्ट माझ्या ध्यानी आली ती अशी, की नदी घरात आणता येतच नाही. घरात येते ते केवळ पाणी. नदी ही त्या पाण्याची अष्टौप्रहर चाकरी करीत असते: खडकांवरून आपटत जाताना ती त्यात हवा मिसळते, वाळूतून झिरपताना त्याचा मळ गाळते, खोल डोहात त्याचा थंडावा राखते, पुराच्या लोंढ्यात साचलेले सारे वाहून नेते, आणि एका ठिकाणी अन्न सरले की माशांना दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी ठेवते. ज्या क्षणी आपण ते पाणी चार काचांत कोंडतो, त्या क्षणी ही सारी कामे, कोणी लेखी हुकूम न देता, आपल्याकडे वर्ग होतात. मत्स्यपालनाची साधने म्हणून दुकानांत ज्या ज्या वस्तू मिळतात त्या, या दृष्टीने पाहिले असता, नदीच्या एकेका कामावर नेमलेले मुतालिक आहेत. आणि कोणत्या कामावर कोण नेमला आहे हे ज्याला समजले, त्याला काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

या विद्येचा आरंभही याच जाणिवेतून झालेला आहे. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या पात्रात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून त्यांच्यातला देण्याघेण्याचा व्यवहार तपासला. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवीत होती हे खरे, परंतु तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्या पात्रात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने फस्त केली, त्यांची अंडी माशांच्या मुखी पडली, आणि पाणी पुन्हा निवळले. पंप नव्हता, वीज नव्हती. गोगलगाय हेच त्या टाकीचे पहिले उपकरण. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने हा छंद घराघरांत नेला, आणि आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या चौपाटीच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालयाचे दरवाजे उघडल्यानंतर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेला नाक लावून जिवंत मासा प्रथम पाहिला तो तिथेच. साधने पुढे पुष्कळ वाढली. परंतु वॉरिंग्टनने मांडलेला हिशेब, म्हणजे पाण्यात जे जमा होते ते कोणीतरी खर्ची घातले पाहिजे, हा हिशेब तसूभरही बदललेला नाही.

साधनांत अग्रमान टाकीचा. पूर्वी लोखंडी कोनांच्या चौकटीत लुकणाने काचा बसवीत. आता सिलिकॉनने काचेला काच सांधतात, आणि गंजाची भीती गेली. नवशिक्याचा ओढा लहान टाकीकडे असतो, कारण ती स्वस्त आणि सुटसुटीत. परंतु लहान पाण्यात दोष लवकर दाटतो आणि ऊन-थंडीही लवकर शिरते, म्हणून शिकाऊ माणसाला मोठीच टाकी अधिक क्षमाशील ठरते. उंचीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे. माशाला पोहण्यासाठी लांबी लागते, आणि हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून, तेव्हा पृष्ठभाग जितका रुंद तितका श्वास मोकळा. माझी टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. साडेचार घनफुटांत सुमारे १२७ लिटर पाणी मावते, आणि काच व रेती धरून तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. इतका भार ज्या घडवंचीवर ठेवायचा ती घडवंची पाणसळ लावून समपातळीत बसवली पाहिजे आणि टाकीच्या तळाखाली थर्मोकोलचा पत्रा घातला पाहिजे. अन्यथा जमिनीचा लहानसा उंचसखलपणा काचेच्या सांध्यावर ताण आणीत राहतो आणि एखाद्या रात्री तो सांधा हार खातो.

यानंतर येतो तो फिल्टर, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. कारण साऱ्या साधनांत अधिक गैरसमज ज्याच्याविषयी आहेत ते साधन हेच. फिल्टर म्हणजे गाळणी, आणि गाळणीचे काम डोळ्यांना दिसणारा कचरा अडविणे, ही सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः माशाचा खरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो; आणि हा अमोनिया नितळ, स्फटिकासारख्या पाण्यातही माशाचा जीव घेऊ शकतो. नदीत तो वाहून जातो, विरतो, आणि दगडांवर वसलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे रूपांतर करतात. या जीवाणूंची एक फळी अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी फळी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. पैकी पहिली दोन द्रव्ये विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने या जीवाणूंचा छडा लावला तो मातीच्या अभ्यासात. परंतु त्यांच्यावाचून घरगुती टाकीतला एकही मासा फार काळ जगत नाही.

फिल्टरमधला स्पंज, सच्छिद्र मातीच्या कांड्या, जाडसर तंतूंचा पुंजका ही या जीवाणूंची वतने आहेत, आणि पंपाचे काम त्या वतनापर्यंत प्राणवायू आणि अमोनिया अखंड पोहोचविणे एवढेच आहे. हे एकदा समजले म्हणजे पुष्कळ नियम आपोआप उमगतात. फिल्टर रात्री बंद ठेवायचा नसतो, कारण प्राणवायू तुटला की ती वस्ती मरू लागते. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली घासून शुभ्र करायचा नसतो. टाकीतूनच बादलीभर पाणी काढून त्यात तो दोनदा दाबून पिळला की पुरे. आणि नवी टाकी मांडल्याबरोबर तीत मासे सोडायचे नसतात, कारण ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ज्याच्या ओळखीत जुनी, निरोगी टाकी असेल त्याने तिथल्या स्पंजाचा तुकडा मागून आणावा. विरजणाचा एक चमचा जसा नव्या दुधाला लागतो तसा तो नव्या टाकीला लागतो आणि प्रतीक्षेचे दिवस कमी होतात. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर किमतीने फार थोडा असतो, परंतु मध्यम टाकीचे काम तो निष्ठेने करतो. टाकीला बाहेरून टांगण्याचे किंवा खाली डब्यात बसणारे मोठे फिल्टर माशांची संख्या वाढली तरच लागतात.

पाण्याची प्रकृती जाणण्यासाठी तपासणीचा संच लागतो, आणि तो चैनीचा भाग आहे असे समजून पुष्कळ लोक टाळतात. थेंब टाकून रंग पाहण्याच्या त्या लहान बाटल्या खरे पाहता वैद्याच्या नाडीपरीक्षेइतक्याच आवश्यक आहेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत राहिले तर चालते. आम्लता मोजणारा पीएच अंक सात आणि आठ यांच्या दरम्यान एका अंकाने जरी चढला, तरी त्याच अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला आपले मासे अकस्मात का दगावले याचा उलगडा होत नाही. घाटमाथ्यावरच्या आम्हा लोकांचे दुखणे मात्र बहुधा उलट्या बाजूचे असते. काळ्या कातळावरून वाहत आलेले पावसाचे पाणी मृदू. त्यात क्षार थोडे, म्हणून आम्लता झेलण्याची त्याची ऐपतही थोडी. जीवाणू आपले काम करताना पाण्यातली ही ऐपत हळूहळू खर्च करीत जातात, आणि ती पुरी सरली म्हणजे पीएच एकदम घसरतो. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची लहानशी पुरचुंडी ठेवली, की तो चुरा गरजेपुरता विरघळत राहून ही तूट भरून काढतो. बाजारातले साधन आणताना आपल्या गावच्या पाण्याची जात ओळखावी लागते ती यासाठीच. पुण्याच्या बोअरवेलच्या जड पाण्याला जो इलाज, तो वलवणच्या पावसाळी पाण्याला लागू पडेलच असे नाही.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन हा सर्वत्रच सारखा प्रश्न. त्यावरचा उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेट, छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म पक्की करण्यासाठी वापरीत, तेच. दुकानांतल्या बहुतेक क्लोरीननाशक बाटल्यांत मुख्यत्वे तेच द्रव्य असते. बादलीभर पाणी एक दिवस उघडे ठेवले तरी साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तेव्हा थेंब कामी येतात.

हवा आणि उष्णता ही नदीची दोन कामे यंत्रांकडे सोपवावी लागतात. एअर पंपाच्या नळीला जोडलेल्या दगडातून निघणारे बुडबुडे पाहून वाटते की मासे ते बुडबुडेच श्वासात घेतात. प्रत्यक्षात बुडबुड्यांचे मोठे काम पृष्ठभाग हलता ठेवण्याचे आहे, म्हणजे खडकावरून पडणाऱ्या ओहोळाचे. पाणी जितके उबदार तितका त्यातला प्राणवायू कमी: वीस अंशांवर लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांवर साडेसात. त्यामुळे वैशाखात पंपाला विसावा नाही. त्या पंपाच्या नळीत एक स्वस्तातली झडप बसवावी, जी वारा जाऊ देते आणि पाणी परत येऊ देत नाही. वीज गेली म्हणजे टाकीतले पाणी नळीतून उलटे उतरून पंपात आणि भिंतीवरच्या बटणापर्यंत जाण्याचा जो संभव असतो, तो या क्षुद्र वस्तूने टळतो. विजेच्या प्रत्येक तारेला बटणाच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब तिथेच गळून पडतो.

वलवणला पौष-माघाच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, तेव्हा हीटरवाचून गत्यंतर नाही. माझ्या झेब्रा डॅनिओंना थोडी थंडी सोसते, पण एंजल आणि गोरामी यांच्यासारख्या उष्ण देशींच्या माशांना २४ ते २८ अंश लागतात. दर लिटरला एक वॅट हा सर्वमान्य हिशेब. तथापि दीडशे वॅटचा एक हीटर लावण्यापेक्षा पाऊणशे वॅटचे दोन लावणे शहाणपणाचे, कारण एक बिघडून बंद पडला तर दुसरा पाणी गारठू देत नाही, आणि एक बिघडून चालूच राहिला तर एकट्याने सारे पाणी तापविण्याइतके बळ त्याला नसते. थर्मामीटर मात्र हीटरपासून दूरच्या कोपऱ्यात लावावा. त्याच्याशेजारी लावलेला थर्मामीटर त्याचीच री ओढतो. पावसाळ्यात वादळाने तारा तुटतात आणि काही तास अंधार होतो, त्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

विजेची गोष्ट निघाली म्हणजे माझे मन धरणाकडे वळल्याशिवाय राहत नाही. लोणावळा, वलवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी नळांवाटे घाट उतरून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीच्या वीजघरात पडते. १९१५ साली ते वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. जे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा या क्रमाने पूर्वसमुद्राला जायचे, ते माणसाच्या योजनेने पाताळगंगेवाटे पश्चिमसमुद्राला जाऊ लागले. एवढे मोठे पाणी अडवून वळविले तेव्हा त्या पाण्याचा कारभारही कोणाच्या तरी शिरावर आला. आणि तो ज्या रीतीने पाहिला गेला त्याची हकीकत, घरच्या टाकीशी तिचे नाते असल्यामुळे, इथे सांगितली पाहिजे.

दख्खनचा महाशीर हा आमच्या नद्यांचा मानकरी मासा. कर्नल साइक्स याने १८३९ साली शास्त्रीय जगाला त्याची ओळख करून दिली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पावसाळ्यात हा मासा प्रवाहाविरुद्ध चढून वरच्या उथळ, खडकाळ पाण्यात अंडी घालतो. धरणाने ती वाट अडते, आणि सुरुंग व विष यांनी केलेल्या शिकारीने त्याची संख्या आणखी खालावते. १९७० च्या सुमारास महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याच्या तलावांतील महाशीरांवर कृत्रिम प्रजननाचे प्रयोग यशस्वी केले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली टाटांच्या मत्स्यबीज केंद्राचे काम याच परिसरात उभे राहिले. पिकलेल्या मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी कोरड्या पात्रात घ्यायची, त्यांवर नराचे बीज सोडायचे, ते पिसाने हळुवार मिसळायचे, आणि फळलेली अंडी वाहत्या पाण्याच्या उथळ तबकांत पसरायची, असे त्या कामाचे स्थूल स्वरूप असते. महाशीराचे अंडे इतर माशांच्या मानाने मोठे, पिवळसर आणि तळाशी बसणारे. तीन-चार दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येते आणि आणखी काही दिवस तळाच्या कोपऱ्यांत इतरांबरोबर दाटीने पडून राहते. इतका वेळ नदीत ते निभावते. तबकात त्याला निभावून नेण्यासाठी पाण्याची धार, तिची उष्णता आणि तिची स्वच्छता अहोरात्र राखावी लागते. पुढे हे पिल्लू, म्हणजे मत्स्यजिरे, वाढून बोटाएवढी बोटुकली होते तोवर हा पहारा उठत नाही.

या कामातली जी गोष्ट मला विशेष मनोहारी वाटते ती कापसाची. महाशीराची फळलेली अंडी दूरच्या प्रांतांत पाठवायची कशी, हा प्रश्न आला तेव्हा कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी ती पाण्यात न ठेवता ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठविण्याची रीत सिद्ध केली आणि १९७९ साली ती शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर केली. अंड्याला त्या अवस्थेत पाणी भरपूर लागत नाही, ओल आणि हवा लागते, हे निरीक्षण ज्याच्या पदरी आहे त्याच्या हातात औषधाच्या दुकानातला कापूसही उत्तम उपकरण होतो. साधनाची किंमत जाणकाराच्या ज्ञानावर ठरते, याचे चांगले उदाहरण मला आपल्या तालुक्याबाहेर शोधावे लागलेले नाही.

घरच्या टाकीतली लहान साधने याच जातीची आहेत. त्यांत अग्रक्रम मी रबरी नळीला देतो. एक टोक रेतीत बुडवून दुसरे खाली बादलीत सोडले, की पाणी आपल्या वजनाने वाहू लागते आणि रेतीत दडलेला गाळ बरोबर घेऊन जाते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी असे काढून तितकेच त्याच उष्णतेचे ताजे पाणी भरणे, हे नदीच्या पुराचे काम होय, आणि जीवाणूंनी शेवटी मागे ठेवलेले नायट्रेट मुख्यतः याच मार्गाने बाहेर जाते. त्या बादलीला साबणाचा स्पर्श कधी होता कामा नये. तिच्यावर रंगाने खूण करून ती घरातल्या अन्य कामांतून मुक्त करावी. मऊ विणीच्या दोन जाळ्या असाव्यात, कारण एका जाळीपुढे पळणारा मासा दोन जाळ्यांमध्ये शांतपणे सापडतो. काचेवरचे हिरवे कीट खरवडायला पाते, उडी मारणाऱ्या माशांसाठी झाकण, आणि दिवसाला आठ तास दिवा लावून स्वतःच मालवणारे घड्याळी बटण, एवढ्यावर नित्याचा सरंजाम पुरा होतो. दिवा अधिक वेळ ठेवण्याचा मोह होतो, कारण टाकी उजेडात सुंदर दिसते. परंतु लांबलेल्या उजेडाचा लाभ शेवाळाला होतो, आणि रात्र ही माशाचीही गरज आहे.

अन्नासाठी एक लहान चमचा ठेवावा आणि दोन मिनिटांत संपेल तेवढेच त्यावर घ्यावे. उपासाने मेलेले मासे मी फार थोडे पाहिले. प्रेमाने खाऊ घालून मारलेले पुष्कळ पाहिले. लहान मुलांना टाकीपाशी आणून जर एकच गोष्ट शिकवायची असेल, तर ती हीच शिकवावी, की जीव लावणे आणि खाऊ घालणे ही एक गोष्ट नव्हे.

क्रॉफर्ड मार्केटातून वा कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला नवा मासा एकदम मुख्य टाकीत न सोडता तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा. साधा स्पंज फिल्टर आणि लपायला मडक्याची खापरी एवढे तिथे पुरते. रोग आला तरी तो तिथेच अडतो. खडे मिठाची पुडी जवळ असावी, कारण नायट्राइट वाढले असता मिठातला क्लोराइड कल्ल्यांवाटे त्याचा शिरकाव रोखतो. आणि शेवटी एक वही: तारीख, उष्णता, पीएच, बदललेले पाणी, आलेला मासा, गेलेला मासा. रोजकीर्द ज्याने ठेवली त्याला दुखणे येण्याआधी त्याची चाहूल लागते.

परंतु महाशीराच्या हकीकतीचा एक उत्तरार्ध आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इथे वाढविलेली दख्खनी महाशीराची पिले देशातल्या अनेक जलाशयांत गेली. त्यांत कावेरीचे खोरेही होते. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड आकाराचा. बाहेरून आलेला त्याचा हा भाऊबंद तिथे फोफावला आणि मूळ मालक मागे हटत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगांची शिकार ही कारणेही होतीच. परंतु २०१८ साली तो कावेरीचा महाशीर अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला, आणि त्याच्या ऱ्हासात आपल्या दख्खनी महाशीराचा वाटा अभ्यासकांनी दाखवून दिला. हेतू शुद्ध होता, साधने उत्कृष्ट होती, हात निष्णात होते. एक नदी दुसरीसारखीच असते ही समजूत तेवढी खोटी ठरली.

घरातल्या टाकीच्या मालकाला या घटनेत मोठा इशारा आहे. दुकानात तीन इंचांचा दिसणारा, काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा फूटभराच्याही पुढे वाढतो; मग मालकाला तो नकोसा होतो, आणि दयाबुद्धीने तो त्याला ओढ्यात किंवा तलावात सोडून देतो. ही दया एका माशावर झाली. ज्या पाण्यात तो गेला तिथल्या माशांच्या अंड्यांवर आणि अन्नावर तिचे ओझे पडते. वलवणच्या नाल्यात जे सोडाल ते इंद्रायणीबरोबर देहूच्या आणि आळंदीच्या घाटांवरून तुळापुरास भीमेपर्यंत जाऊ शकते. नको झालेला मासा दुकानाला परत द्यावा, दुसऱ्या पालकाला द्यावा. नदीला कदापि देऊ नये. टाकीतून उपटलेली वनस्पती, काढलेल्या गोगलगायी, यांनाही हाच नियम.

मासे राखण्याचे जे साधन कोणत्याही दुकानात मिळत नाही ते म्हणजे संयम, आणि आपल्या मुलखाला त्याची ओळख जुनी आहे. महाड परिसरातल्या वाळण कोंडीच्या डोहातले मासे देवीचे मानले जातात, वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथील मासे महादेवाचे. तिथे ना पंप आहे ना फिल्टर, आणि तरी त्या डोहांत महाशीर पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिले, कारण काठावरच्या लोकांनी जाळे टाकायचे नाही एवढा एकच बंदोबस्त निष्ठेने पाळला. नदीची सारी कामे नदीकडेच राहू देऊन आपण फक्त आपला हात आवरणे, ही मत्स्यपालनाची उत्तम रीत. आणि ज्याला मासा घरातच हवा असेल त्याने नदीची सारी कामे स्वतःकडे घेणे, ही दुसरी. या दोहोंच्या मधली, म्हणजे मासा आपला आणि कामे कोणाचीच नाहीत अशी जी तिसरी रीत फार प्रचलित आहे, तिचा मात्र माझ्याने पुरस्कार होत नाही.

म्हणून टाकी मांडू इच्छिणाऱ्या तरुण मंडळींना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की खरेदीचा रूढ क्रम उलटा करा. लोक प्रथम मासा घेतात, मग त्याच्यासाठी टाकी घेतात, आणि तो आजारी पडला म्हणजे फिल्टर आणि तपासणीच्या बाटल्या शोधू लागतात. प्रथम वही घ्या आणि आपल्या नळाचे पाणी तपासा. मग घडवंची, टाकी, फिल्टर, हीटर या क्रमाने सरंजाम उभा करा. पाण्यात चिमूटभर अन्न कुजायला टाकून जीवाणूंची वस्ती बसवा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत माशाच्या दुकानाकडे फिरकूही नका. सहा आठवडे बिनमाशाच्या पाण्याची सेवा ज्याच्या हातून नेमाने घडते त्याच्याकडे मासा सुखरूप राहील याबद्दल मला संदेह नाही. ज्याच्या हातून ती घडत नाही त्याने आपला पैसा राखावा आणि पाऊस ओसरल्यावर इंद्रायणीच्या काठी जाऊन मासे नदीतच पाहावेत. तेही मत्स्यप्रेमच आहे, आणि त्यात माशाचे काहीही अहित नाही.